वेल्सचा 'कंट्री जंटलमन' मराठीत आणताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एका वेल्श घराण्याच्या जुन्या आठवणींचा तुम्ही अनुवाद करताय. मुख्य माणसाची ओळख मुळात 'कंट्री जंटलमन आणि लोकल मॅजिस्ट्रेट' अशी आहे. पहिल्या खर्ड्यात तुम्ही 'जहागीरदार व न्यायाधीश' लिहून टाकलंत आणि चाळीस पानांवर अडलात, कारण हा न्यायाधीश कोर्टात जातच नाही. तो कुंपणं लावून घेतो, मटारला शेंगा कधी धरल्या ते लिहितो, पाद्र्याच्या प्रवचनाला नावं ठेवतो, मधूनच कुणाचा तरी जबाब घेतो आणि परत जेवायला बसतो. त्याला पगार किती, तो दिवसभर करायचा काय आणि त्याला मराठीत म्हणायचं काय, हे तुम्ही विचारलंत.

वेल्सच्या उत्तर भागात राहून जुने कागद वाचून देणं हा गेली अठरा वर्षं माझा धंदा आहे. मृत्युपत्रं, खंडाचे पट्टे आणि सगळ्यात जास्त म्हणजे मॅजिस्ट्रेटांचे कागद. त्याआधी पुण्यात मोडी वाचायचे. त्यामुळे तुमची अडचण मला दोन्ही बाजूंनी ओळखीची आहे. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

अडचण शब्दाची नाहीच. आपल्या डोक्यात अधिकाराची दोन चित्रं पक्की बसली आहेत. एक सरकारी नोकराचं: मामलेदार, कलेक्टर, जज्ज, ज्यांना पगार आणि बदली असते. दुसरं वतनदाराचं: पाटील, देशमुख, खोत, ज्यांचा हक्क बापाकडून मुलाकडे येतो. वेल्सचा हा गृहस्थ दोन्हीत बसत नाही. जमीन त्याला वारशानं मिळाली, पण मॅजिस्ट्रेटचं पद नाही. पद राजाच्या नावानं मिळालं, पण पगार नाही. आपण याला कुठल्या तरी एका चौकटीत कोंबतो आणि मग पानोपानी अडखळतो.

काळावर बरंच अवलंबून आहे, ते आधी सांगते. १७४० चा मॅजिस्ट्रेट, १८४० चा आणि १८९० चा हे तीन वेगळे प्राणी आहेत. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तुमचा माणूस पहिल्या जातीचा वाटतो, म्हणून मी मुख्यतः त्याच्याबद्दल बोलते. त्यासाठी माझ्याकडे एक उत्तम नमुना आहे: ब्रिनदीचा विल्यम बकली.

अँगल्सी बेटाच्या उत्तर किनाऱ्याजवळ ल्लानवेखेल नावाचं गाव आहे. तिथे ब्रिनदी हे घर. वेल्शमध्ये त्याचा अर्थ काळी टेकडी. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये मधे एक 'एल' दिसतो, तो उच्चारायचा नाही. हा विल्यम १६९१ ला जन्मला आणि १७६० ला वारला. १७३४ पासून त्यानं रोजनिशी ठेवली. १७४३ ते १७४७ ची वही हरवली आहे, बाकीची बांगोर विद्यापीठाच्या संग्रहात आहे. रोजची नोंद वाऱ्यानं सुरू होते: वारा कुठला, पाऊस पडला का, थंडी किती. त्यानंतर शेत, मजूर, बाजार, किती शिलिंग कुणाला दिले. त्यात कुठेतरी, दोन ओळींत, मॅजिस्ट्रेटचं काम.

हे प्रमाण लक्षात ठेवा. रोजनिशीत मॅजिस्ट्रेटगिरी दोन ओळी आणि वारा-पाऊस रोज. याचा अर्थ पद त्याला क्षुल्लक वाटायचं असा नाही. ते काम त्याच्या घरंदाजपणाचाच भाग होतं. दिवाळीला घरच्या गड्याला कपडे द्यायचे हे जसं कुणी वेगळं काम म्हणून मोजत नाही, तसं.

आता पद कसं मिळायचं ते. वेल्समध्ये हे मॅजिस्ट्रेट, म्हणजे 'जस्टिस ऑफ द पीस', आठव्या हेन्रीच्या काळात आले, १५३६ पासूनच्या कायद्यांनी. प्रत्येक परगण्यासाठी राजाच्या शिक्क्याची एक यादी निघायची आणि त्या परगण्यातल्या सगळ्या मॅजिस्ट्रेटांची नावं तिच्यात असायची. त्या कागदालाच 'कमिशन' म्हणत. मी नवखी असताना एका मृत्युलेखातलं 'हा कमिशनमध्ये होता' हे वाक्य एका गिऱ्हाइकाला दलाली खाण्याच्या अर्थानं समजावून दिलं होतं. तो माणूस तीन पिढ्यांपूर्वीच्या पणजोबांवर नाराज होऊन गेला. तुमच्या मजकुरात 'कमिशन' आलं की सावध व्हा.

यादीत नाव यायला जमीन लागे. १७३२ च्या कायद्यानं वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची स्वतःची मालमत्ता ही अट घातली. कायद्याची परीक्षा नाही, अनुभव नाही. ज्याच्याकडे पुरेशी जमीन आहे तो लाचेला भुलणार नाही आणि परगण्याच्या भल्याबुऱ्यात त्याचंही हित गुंतलेलं असणार, असा त्यामागचा हिशेब. (हिशेब कागदावर ठीकच होता.) यादीत नाव घालणं, गाळणं यात राजकारण भरपूर असे. अँगल्सीत बॅरन हिलचे बकली आणि बोडोर्गनचे मेरिक यांच्यातली चुरस पिढ्यान्‌पिढ्या चालली. बॅरन हिलचे हे बकली म्हणजे बेटावरचं बडं घराणं. आपला ब्रिनदीवाला त्याच आडनावाचा, पण कितीतरी लहान धनी. अनुवादात हा फरक हरवू देऊ नका. 'जंटलमन' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झुंबरांचा महाल उभा राहतो. वेल्समध्ये असं पुष्कळदा एक दगडी घर, बाग, गोठा आणि दहा-वीस कुळं एवढंच असे. उत्पन्न थोडं पण वंशावळ लांबलचक, यावर इंग्रजांत टवाळी चालायची. वेल्श लोकांना त्याचं काही वाटत नसे. त्यांच्या भाषेत या वर्गाला 'उखेलविर' म्हणत, म्हणजे वरचे लोक, आणि वरचेपणा खंडावरून नाही तर कुळावरून ठरे.

आणि यादीत नाव असलं तरी माणूस काम करत होताच असं नाही. शपथ न घेतलेले, फक्त मानापुरते असलेले कितीतरी असत. म्हणून मी कुणाच्या पूर्वजाबद्दल 'तो मॅजिस्ट्रेट होता' हे वाक्य वाचलं की आधी जबाबांच्या खाली त्याची सही शोधते. सही नसेल तर तो नुसता यादीतला.

पगार शून्य. चौदाव्या शतकातल्या एका कायद्यानं तिमाही बैठकीला हजर राहिल्याबद्दल दिवसाला ४ शिलिंग भत्ता ठरवला होता. त्याचं बहुधा सगळ्यांचं मिळून जेवण होई. कारकुनाला मात्र प्रत्येक कागदामागे फी मिळायची. लंडनच्या बाजूला मॅजिस्ट्रेटही अशा फीवर पोट भरत आणि त्यांची पुरती बदनामी झाली होती. पण गावाकडच्या जमीनवाल्याला ते कमीपणाचं वाटे. फुकट काम करणं हाच त्याचा मान होता, आणि त्याच मानापायी गावातलं कुणी त्याला जाब विचारू शकत नव्हतं.

आता तो करायचा काय. एकटा असताना, घरी, बैठकीच्या खोलीत: तक्रार ऐकणं, शपथेवर जबाब घेणं, वॉरंट काढणं, भांडखोराकडून चांगल्या वागणुकीची हमी घेणं. या शेवटच्या गोष्टीसाठी मराठीत तयार शब्द आहे, 'मुचलका', आणि तो बिनदिक्कत वापरा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात 'चॅप्टर केस' म्हटलं की लोकांना कळतं: गुन्हा घडायच्या आधीच तहसीलदारापुढे उभं करून शांततेचं बंधपत्र लिहून घेणं. त्याचं मूळ इंग्लंडमधल्या १३६१ च्या, याच मॅजिस्ट्रेटांसाठी केलेल्या कायद्यापर्यंत जातं. तुमचा वेल्श गृहस्थ जे करत होता ते आपला तहसीलदार आजही करतो. फरक इतकाच, की तहसीलदाराला पगार आहे आणि त्याच्यासमोर उभा असलेला माणूस त्याचं कूळ नसतो.

दोन मॅजिस्ट्रेट एकत्र आले की अधिकार वाढे. दारूच्या गुत्त्यांचे परवाने द्यायचे, अनौरस मुलाच्या पोटगीचा हुकूम काढायचा, आणि परक्या पॅरिशमधून (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव) आलेल्या गरिबाला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत पाठवायचं. हे शेवटचं काम फार महत्त्वाचं आहे आणि आपल्याकडे त्याला जोड नाही, म्हणून जरा थांबते. प्रत्येक पॅरिशला आपापल्या गरिबांना पोसावं लागे, आणि तो पैसा तिथल्या शेतकऱ्यांकडून कर म्हणून घेत. १६६२ च्या कायद्यानं असं ठरवलं, की नव्यानं आलेला माणूस पुढे पॅरिशवर भार होईल असं वाटलं तर ४० दिवसांच्या आत तक्रार करून त्याला हलवता येईल. वर्षाला १० पौंड भाड्याची जागा घेणारा मात्र त्यातून सुटे. त्यामुळे गर्भार मोलकरीण, म्हातारा विणकर, लंगडा शिपाई, अशा कुणालाही पॅरिश हिशेबाच्या नजरेनं बघे.

असा एक जबाब कसा दिसतो ते सांगते. शेकडो वाचले आहेत, साचा तोच. अर्ध्या ताव कागदावर वर लिहिलेलं असतं, अमुकची तपासणी, माझ्यासमोर शपथेवर घेतलेली. मग एकच लांबच लांब वाक्य: आपला जन्म कुठे झाला असं ऐकून आहे, बाप कुठल्या शेतावर होता, आपण कुणाकडे किती काळ चाकरी केली. चाकरीचा काळ पुन्हा पुन्हा विचारलेला, कारण लग्न न झालेल्या गड्यानं एका धन्याकडे पूर्ण वर्ष काढलं तर त्या पॅरिशवर त्याचा हक्क लागे. तेव्हा वेल्समध्ये गडी मे आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला ठरत. आपला सालगडी पाडव्याला बदलतो, तसंच. वर्ष भरायला दोन दिवस कमी असताना गड्याला काढून टाकणारे धनीही होते, आणि तशा जबाबात मॅजिस्ट्रेटचा कारकून तारखा अशा घट्ट दाबून लिहितो की शाई मागच्या बाजूला उमटते. खाली उजवीकडे मॅजिस्ट्रेटची सही, डावीकडे एक फुली आणि फुलीच्या दोन बाजूंना कारकुनानं लिहिलेलं नाव. आपल्या कागदांत कुणब्याची निशाणी म्हणून नांगर काढलेला असतो, त्यावरून निदान माणूस काय करत होता ते कळतं. इथे नुसती फुली.

आणि हे सगळं इंग्रजीत. १५३६ च्या कायद्यानं वेल्समध्ये न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरवली आणि इंग्रजी न वापरणाऱ्याला पद नाकारलं. १७३३ पर्यंत औपचारिक दप्तर लॅटिनमध्ये होतं, तेही त्या वर्षी इंग्रजीत आलं. तिकडे ल्लानवेखेलच्या शेतकऱ्याला इंग्रजी येत नव्हती. म्हणजे बाई वेल्शमध्ये बोलते, मॅजिस्ट्रेटला ते नीट कळतं कारण तो गड्यांशी त्याच भाषेत बोलतो, आणि कागदावर उतरतं ते तिसऱ्याच कुणाच्या तोंडचं वाटावं असं इंग्रजी. शेवटी ते तिला उलट वेल्शमध्ये सांगितलं जातं आणि ती फुली करते. हा कायदा १९४२ पर्यंत पूर्ण हललाच नाही. तुमच्या मजकुरात साक्षीदार फार सफाईदार बोलताना दिसले तर ती सफाई कारकुनाची आहे. मराठीत त्यांना ग्रामीण बोली देऊ नका, असं माझं मत. तो मोह मलाही होतो. पण मूळ कागदात त्यांचा आवाज नाही, आणि आपण तो बनवून घातला तर वाचकाला वाटेल की आहे. जबाब कोरड्या दप्तरी मराठीत ठेवा, 'सदरहू' आणि 'मजकूर' असलेल्या. बोलणं जिवंत करायचं तर ते कागदाबाहेरच्या प्रसंगांत करा.

वर्षातून चार वेळा सगळ्यांची बैठक भरे, जिला 'क्वार्टर सेशन्स' म्हणत. आपल्या 'सेशन कोर्ट'मधलं 'सेशन' तिथलंच. अँगल्सीची बैठक ब्यूमॅरिसला होई, १६१४ च्या कोर्टाच्या इमारतीत. ती किल्ल्यासमोर अजून उभी आहे. ल्लानवेखेलहून ते वीसेक मैल, घोड्यावरून एक दिवस. बैठकीत चोऱ्यामाऱ्या आणि मारामाऱ्या चालत, ज्यूरीसमोर. पण वेळ खाणारं काम वेगळंच असे: अमुक पूल कोण दुरुस्त करणार, तुरुंगाच्या भिंतीला किती लागतील, परगण्याचा कर किती बसवायचा, रस्ता न राखणाऱ्या पॅरिशला दंड किती. म्हणजे आजच्या जिल्हा परिषदेचं काम. फाशीच्या लायकीचे खटले मात्र वेगळ्या, बाहेरून येणाऱ्या न्यायाधीशांपुढे चालत. ते 'ग्रेट सेशन्स', वेल्सपुरतं न्यायालय, १८३० ला बंद झालं.

म्हणूनच 'न्यायाधीश' नको म्हणते. मराठी वाचक त्यावरून काळा कोट आणि निकालपत्र समजेल. या माणसाच्या कामाचा निम्म्याहून जास्त भाग कारभार होता. मुंबईतसुद्धा जे.पी., म्हणजे 'जस्टिस ऑफ द पीस', ते हेच. १८३० च्या दशकात जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांना जे.पी. केलं, आणि १८६५ च्या कायद्यानं तर मुंबईचा नगर कारभारच जे.पीं.च्या मंडळाकडे गेला. गटारं आणि पाण्याचे नळ पाहणारे जे.पी. आपल्या वाचकाला अगदीच परके नाहीत. तेव्हा 'मॅजिस्ट्रेट' असाच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात काम सांगून टाका.

'जहागीरदार' तर नकोच. जहागीर म्हणजे सरकारी महसुलातला वाटा, सेवेच्या बदल्यात. याची जमीन मालकीची. जमिनीवरचा कर तो स्वतः सरकारला भरतो आणि कुळांकडून घेतो तो खंड. 'जमीनदार' चालेल. पट्ट्यांबद्दल एक गंमत आहे, तुमच्या पुस्तकात ती येईलच. त्या काळी वेल्समध्ये पट्टा पुष्कळदा वर्षांचा नसून 'तीन आयुष्यांचा' असे: पट्ट्यात तीन माणसांची नावं घालायची आणि त्यातला शेवटचा मरेपर्यंत जमीन कुळाकडे. त्यामुळे कूळ धडधाकट पोराचं नाव घाली आणि मालक मनातल्या मनात हिशेब करी. 'थ्री लाइव्ह्ज'चं भाषांतर मी एकदा 'तीन पिढ्या' असं वाचलं आहे. तसं नाही. तिघं भाऊ-बहीण एकाच साथीत गेले तर पट्टा त्याच आठवड्यात संपे.

'कॉन्स्टेबल' आला तर 'हवालदार' करू नका. तो गावातलाच शेतकरी, एक वर्षासाठी गळ्यात पडलेलं बिनपगारी काम करणारा, आणि वर्ष कधी संपतं याची वाट बघणारा. पगारी पोलीस परगण्यांत १८३९ नंतर हळूहळू आले. त्याआधी वॉरंट घेऊन जाणारा माणूस आणि ज्याच्यावर वॉरंट तो माणूस रविवारी एकाच चर्चमध्ये बसत. वॉरंट पोचायला आठवडा का लागला, याचं उत्तर पुष्कळदा तिथेच असतं.

आता एक गोष्ट, जी अनुवादकाला कठीण जाते. या माणसाला न्यायी दाखवायचं की ढोंगी? बकलीचंच बघा. समोर समुद्रात आयल ऑफ मॅन. १७६५ पर्यंत ते बेट ब्रिटिश सरकारच्या हातात नव्हतं, तिथे जकात कमी, आणि तिथून रात्री दारू अँगल्सीच्या किनाऱ्याला लागायची. राजाच्या नावानं शांतता राखणारे आपले मॅजिस्ट्रेटसाहेब चोरट्या मार्गानं आलेली दारू विकत घेत आणि रोजनिशीत लिहूनही ठेवत. त्याच बेटावर होलिहेडला विल्यम मॉरिस नावाचा, वेल्श साहित्याचा मोठा प्रेमी, जकात खात्यात अधिकारी होता. दोघंही एकाच समाजात वावरत होते. बकलीला यात विसंगती जाणवली असं वाटत नाही. जकात बुडवणं हा त्याच्या लेखी शांततेचा भंग नव्हता. उलट बाजूही आहे. उत्तर वेल्समध्ये सरकारमान्य चर्च सोडून वेगळ्या पंथात गेलेल्या लोकांना त्या काळी फार छळत. विल्यम प्रिचर्ड नावाच्या अशाच एका शेतकऱ्याला अँगल्सीत एकामागून एक शेतं सोडावी लागली. त्याला शेवटी १७५० च्या सुमाराला क्लुखदेर्नोगचं शेत कुणी दिलं? या चर्चनिष्ठ बकलीनं.

घरची गोष्ट आणखी चमत्कारिक. मुलगी मेरी हिचं १७३८ ला लिव्हरपूलच्या फॉर्च्युनेटस राइटशी लग्न झालं. पुढे हे जावई इटलीत लिव्होर्नोला जाऊन परवानाधारक चाचे झाले, फ्रेंच जहाजं पकडू लागले, नाव कमावलं आणि १७५७ ला जहाजासकट नाहीसे झाले. मुलीचा आणि नातींचा भार ब्रिनदीवर आला. परगण्यातल्या पोटगीची भांडणं सोडवणाऱ्या माणसाच्या घरी हे चाललं होतं, आणि रोजनिशीत त्या दिवशीही आधी वारा कुठला ते आहे. अशा माणसाला मराठीत कुठलंही विशेषण लावू नका. त्याच्या नोंदी एकामागून एक ठेवा, पुरे आहे.

ल्लानवेखेलचीच एक उपकथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच गावातल्या धर्मादाय शाळेत, बकलीच्या जन्माच्या आसपास, एक गरीब मुलगा शिकला. बापाचं नाव शॉन शोर, त्याचं इंग्रजी रूप जॉन, त्यावरून मुलगा झाला विल्यम जोन्स. बॅरन हिलच्या बकलींनी त्याची गणितातली चुणूक पाहून त्याला लंडनला पेढीवर लावून दिलं. १७०६ ला वर्तुळाच्या गुणोत्तरासाठी 'पाय' हे चिन्ह पहिल्यांदा वापरणारा तो हाच. आणि त्याचा मुलगा म्हणजे कलकत्त्याला एशियाटिक सोसायटी काढणारे सर विल्यम जोन्स. बापाच्या नावावरून मुलाचं आडनाव होणं हे तुमच्याही मजकुरात येईल: एकाच माणसाचे मुलगे वेगवेगळ्या 'आडनावांचे' दिसले तर चूक समजू नका. कारकून बापाचं नाव, शेताचं नाव किंवा इंग्रजी रूप, यातलं हाताशी येईल ते लिहितो.

तुमचा माणूस १८४० च्या आसपासचा निघाला, तर वरचं बरंच बदलावं लागेल. तेव्हा नैऋत्य वेल्समध्ये टोलनाक्यांचा राग पेटला होता. १३ मे १८३९ ला एवाइलवेनचा नाका फोडला. फोडणारे पुरुष बायकांच्या कपड्यांत, म्होरक्याचं नाव 'रेबेका'. शेताला चुना लागतो, चुना गाडीनं आणावा लागतो आणि दर काही मैलांवर टोल. टोल वसूल करणाऱ्या ट्रस्टवर बसलेला गृहस्थ पुष्कळदा मॅजिस्ट्रेटही तोच. त्यातच मधल्या शंभर वर्षांत जमीनवाल्यांची घरं इंग्रजी बोलू लागली होती आणि कुळं चर्च सोडून चॅपलला, म्हणजे त्या वेगळ्या पंथांच्या प्रार्थनाघरात, जाऊ लागली होती. बकली वेल्शमध्ये शिवी देऊ शकत होता. नातवंडांच्या पिढीला दुभाषा लागे. शेवटी १८८८ च्या कायद्यानं पूल-रस्त्यांचा कारभार निवडून आलेल्या परगणा मंडळांकडे गेला आणि पहिल्याच निवडणुकीत वेल्समध्ये चॅपलवाल्यांनी बाजी मारली. त्यानंतरचा मॅजिस्ट्रेट खरोखर फक्त बेंचवर बसणारा.

कुळांनी त्याला काय म्हणावं, हेही तुम्ही ओघात विचारलंत. 'साहेब' नको, त्यात कचेरीचा वास येतो. 'सरकार' तर संस्थानी होईल. मी 'मालक' वापरेन. आपसात बोलताना मात्र घराच्या नावानं: 'ब्रिनदीवाले'. वेल्समध्ये खरंच तशी रीत होती.

जाता जाता तारखा तपासा, ही विनंती. १७५२ पर्यंत तिथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे मे १७४१ नंतर येणारा फेब्रुवारीसुद्धा १७४१ चाच. हे मला माहीत होतं, तरी घाईत विसरले आणि एका कुटुंबाला सांगितलं की तुमच्या खापरपणजीचं लग्न मे १७४१ चं आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७४१ चा, तेव्हा मूल लग्नाआधीचं. त्यांनी ते घराण्याच्या वंशावळीत छापून टाकलं. नऊ महिन्यांनी झालेलं औरस बाळ होतं ते. माफी मागितली, पैसे परत केले, पण पुस्तक छापून झालं होतं. तुमच्या चाळीस पानांत जानेवारी ते मार्चमधली एखादी नोंद असेल तर छापील पुस्तकावर जाऊ नका. मूळ वहीच्या त्या पानाचा आणि त्याच्या मागच्या-पुढच्या पानांचा फोटो मागवून घ्या.